थोडं डावीकडे, अप्पा

४ फेब्रुवारी

माजी जावईबापू,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे टेबलावर तसंच ठेवलं असशील आणि येता-जाता त्याच्याकडे बघत राहिला असशील. आता उघडलंच आहेस तर शेवटपर्यंत वाच.

तुला फोन करणार नाही, असं मी कन्येला कबूल केलं आहे. 'अप्पा, झालं ते झालं. आता उठसूट त्याला फोन करू नका,' असं ती म्हणाली आणि मी मान डोलावली. पत्राबद्दल ती काही बोलली नव्हती. तेव्हा मी शब्द मोडलेला नाही, हे आधी ध्यानात घे.

दुसरं असं की, जावई होतास तोवर मी तुला अहो-जाहो करत होतो. कोर्टाने तुला त्या पदावरून मोकळं केलं, तसा मीही मोकळा झालो. यापुढे अरे-तुरे. खरं तर मला हे पहिल्या दिवसापासून करायचं होतं, पण तुझ्या सासूबाईंनी डोळे वटारले होते. (त्यांना 'माजी' म्हणायला अजून जीभ वळत नाही. त्या बऱ्या आहेत. तुझा स्वेटर आमच्या कपाटात राहिलाय. तो धाडायचा का ठेवायचा, यावर आमचं एकमत होत नाही.)

आता मुद्दा. मे महिन्यात क्लबात कौटुंबिक जोड्यांचा गोल्फचा सामना आहे. दोघांत मिळून एकच चेंडू, एक फटका माझा, पुढचा तुझा, चेंडू खळग्यात पडेपर्यंत. तू म्हणशील, हे मला काय सांगता? सांगतो, कारण गेल्या वर्षी आपण खेळलो नाही आणि तू विसरला असशील. मी विसरलेलो नाही. यंदा तू माझ्याबरोबर खेळायचं आहेस. विनंती वगैरे काही नाही, सरळ कळवतो आहे.

आणि यंदाचे अप्पा निराळे असतील. मी माझा स्विंग मुळापासून नवा करतोय. एकाहत्तराव्या वर्षी! माझा चेंडू कसा जायचा ते आठव. निघायचा ऐटीत आणि अर्ध्या वाटेत उजवीकडे वळायचा, तिकडे त्याचं काही काम राहिल्यासारखा. लोक त्याला स्लाइस म्हणतात, मी खोड म्हणतो. तू तुझ्या मोजणीदाराच्या नजरेने मागे उभा राहून हळूच म्हणायचास, 'थोडं डावीकडे, अप्पा.' मी डावीकडे तोंड करून मारायचो, चेंडू वळत वळत बरोबर मधोमध येऊन पडायचा. काय जोडी होती आपली! पण आता ती उजवीकडची खोडच मी काढून टाकतोय. तुझं काम हलकं होईल.

उत्तर नाही दिलंस तरी चालेल. मी दातांचा डॉक्टर. जन्मभर लोकांच्या तोंडात हात घालून बोलत राहिलो, उत्तराची सवय मला नाही.

अप्पा

२५ फेब्रुवारी

मोजणीदारसाहेब,

तुझं उत्तर आलं नाही, म्हणजे माझा अंदाज बरोबर निघाला. आता प्रगती ऐक.

क्लबात नवी कोच आली आहे. तिशीची असेल, बारीक चणीची. पहिल्या दिवशी माझे चार-पाच फटके तिने मोबाइलवर टिपले आणि मला दाखवले. मला वाटायचं, माझा स्विंग डौलदार आहे. अरे, पडद्यावर एक म्हातारा माणूस माशा हाकलत होता! मी तिला म्हटलं, 'हे मी नाही.' ती म्हणाली, 'डॉक्टर, टोपी तुमचीच आहे.'

मग तिने माझे हात सुटे करून काठीवर नव्याने बसवले. डावा हात जरा आत वळवला. म्हणाली, 'किती आवळताय? काठी पळून नाही जात.' तिथे माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. दात काढतानाही नवशिका डॉक्टर पकड आवळतो आणि दात मोडून बसतो. हात सैल ठेवून दात आधी हलवायचा असतो, मग तो आपणहून येतो. तसं मी काठीला धरलं आणि पहिल्यांदा चेंडूचा आवाज बदलला. तो आवाज मी तुला लिहून कळवू शकत नाही. फटका बसला हे हाताला कळलंच नाही, कानाला कळलं.

घरी सराव चालू आहे. काखेत टॉवेल धरून छत्री फिरवायची, टॉवेल पडता कामा नये. टॉवेल पडला नाही. बैठकीतला दिवा पडला. तुझ्या सासूबाई दोन दिवस माझ्याशी फक्त कामापुरतं बोलल्या. तिसऱ्या दिवशी स्वतःच टॉवेल आणून दिला आणि म्हणाल्या, 'गच्चीत जा.'

कन्या मजेत आहे. विचारलं नाहीस तरी सांगतो. केस बारीक कापलेत, शनिवारी जेवायला येते, आल्या आल्या बूट भिरकावते. दाखवायला चांगलं चाललंय सगळं. मधूनच ताटाकडे बघत राहते. मी काही विचारत नाही. तुमच्या दोघांत नक्की काय झालं ते मला आजही कळलेलं नाही. भांडण नाही, तंटा नाही, कुणी तिसरं नाही. एवढा समजूतदार मुलगा आणि ती म्हणते, दम कोंडतो.

सामन्याच्या नावनोंदणीला गेलो होतो. आपले सेक्रेटरी चष्मा पुसत म्हणाले, 'डॉक्टर, नातं काय लिहू?' मी म्हटलं, 'सासरा आणि जावई.' ते म्हणाले, 'माजी चालत नाही.' मी म्हटलं, 'घटस्फोटावर सही तिची आणि त्याची आहे. माझी कुठे आहे? मला कुणी विचारलंसुद्धा नव्हतं.' तरी ते ऐकेनात. मग मी विचारलं, 'दर समारंभाला माजी अध्यक्षांना पहिल्या रांगेत बसवता, ते कसं चालतं?' सगळं ऑफिस हसलं. 'बघू,' म्हणाले. बघतीलच. त्यांची कवळी मी बसवलेली आहे.

अप्पा

१८ मार्च

आज मी रागावलेलो आहे. मायना नाही.

काल मैदानावर एकटाच गेलो. कोचबाई नव्हती. हात सैल, पकड नवी, अंगात उत्साह. पहिल्या टीवर चेंडू मांडून उभा राहिलो आणि काठी फिरवली. चेंडू असा गेला, असा सरळ गेला, की माझ्या आयुष्यात मी तसा मारलेला नाही. उजवीकडे तसूभर वळला नाही. सरळ जाऊन सेक्रेटरींच्या ऑफिसच्या खिडकीतून आत शिरला.

ऑफिस डावीकडे आहे, तुला माहीत आहे. मैदानाच्या चांगलंच डावीकडे.

काच भरून देईन. सेक्रेटरी तेव्हा चहा आणायला गेले होते, हे सगळ्यांचं नशीब. पण आज सकाळी कोचबाईला मी हात जोडून म्हटलं, 'बाई, सरळ मारायला शिकवलंत आणि हे काय झालं?' तिने मला टीवर उभं केलं, माझ्या पायाच्या बोटांपुढे जमिनीवर एक काठी आडवी टाकली आणि म्हणाली, 'आता मागे येऊन बघा.' मी मागे जाऊन पाहिलं. खळग्यातला झेंडा एकीकडे, काठीचं तोंड ऑफिसकडे.

'झेंडा तिकडे असताना तुम्ही निघालात कुठे?' तिने विचारलं.

'सवय आहे. माझा चेंडू उजवीकडे वळायचा ना.'

'ही सवय कुणी लावली?'

'जावयाने.'

मग तिने मला जे सांगितलं ते नीट वाच. ती म्हणाली, माणूस जितका डावीकडे तोंड करून उभा राहतो, तितके त्याचे खांदे उघडतात. खांदे उघडले की काठी बाहेरून आत तिरकी येते आणि चेंडूला कापते. कापला की चेंडू आणखी उजवीकडे वळतो. मग तो माणूस आणखी डावीकडे सरकतो. म्हणजे आठ वर्षं तू मला जे औषध देत होतास, त्याने रोग वाढत होता! दर वर्षी थोडं आणखी डावीकडे, दर वर्षी चेंडू थोडा आणखी उजवीकडे. आणि मी तुला शाबासकी देत होतो.

हे तुला दिसलं नसेल? लोकांच्या जमिनींच्या हद्दी ठरवणारा माणूस तू. दुर्बिणीतून बघून बोटभर चूक पकडतोस. तुला आठ वर्षं दिसत होतं. तरी तू एकदाही म्हणाला नाहीस की अप्पा, तुमचं मुळात चुकतंय. तू आपला मला सरकवत राहिलास.

हेच मी जेवताना तावातावाने सांगत होतो. आज शनिवार ना, कन्या आली होती. मी म्हटलं, 'बघा, एवढी वर्षं चूक दिसत असून हा मुलगा तोंड उघडत नाही! ही काय रीत झाली?' तिने घास खाली ठेवला. मला वाटलं हसतेय. हसता हसता तिचे डोळे भरले. म्हणाली, 'अप्पा, मी याच टेबलावर तुम्हाला हेच सांगितलं होतं. तो भांडत नाही, नाही म्हणत नाही, माझं चुकलं तर चुकलं म्हणत नाही. नुसता सरकून घेतो. मी वेडी झाले होते अंदाज बांधून बांधून. आणि तुम्ही काय म्हणालात? किती समजूतदार आहे म्हणून!'

तुझ्या सासूबाईंनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मी भाताला हात लावला नाही.

तेव्हा आता मला कळलं तुमच्यात काय झालं. कळायला खिडकीची काच फुटावी लागली. तिच्यासाठी मला वाईट वाटतंय आणि तुझा राग येतोय, आणि राग येतोय म्हणून जास्त वाईट वाटतंय, कारण मला तू हवा आहेस रे. रविवारी सकाळी बूट घालताना मी अजून फाटकाचा आवाज ऐकतो.

सामना आपण खेळायचाच आहे. पण आता एक अट आहे. 'थोडं डावीकडे' हे शब्द मला ऐकायचे नाहीत. चुकलं तर चुकलं म्हण. जमत नसेल तर येऊ नकोस.

अप्पा

६ एप्रिल

अरे बाबा,

तुझं कार्ड मिळालं. एवढ्या मोठ्या कार्डावर एकच शब्द: 'बघतो.'

'बघतो' हे काय उत्तर आहे? दाताला कळ लागली असताना मी पेशंटला 'बघतो' म्हणालो असतो तर त्याने खुर्ची उचलून माझ्या डोक्यात घातली असती. येतो म्हण नाहीतर येत नाही म्हण. दोन्ही ऐकायची माझी तयारी आहे. पहिल्याची जास्त आहे, ते सोड.

सेक्रेटरींनी नाव नोंदवलं. काच बसवल्यावर त्यांचा राग निवळला. नात्याच्या रकान्यात त्यांनी स्वतःच्या हाताने 'घरचे' असं लिहिलं आणि म्हणाले, 'यावर कुणी हरकत घेतली तर माझ्याकडे पाठवा.' भला माणूस आहे. मी उगाच त्यांच्या कवळीबद्दल बोललो.

कन्येला पत्रांचं सांगून टाकलं. मला वाटलं, आता वीज पडणार. ती म्हणाली, 'पोस्टाची तिकिटं संपली की सांगा, माझ्या ऑफिसखाली मिळतात.' वर म्हणाली, 'तो येईल. त्याला नाही म्हणता येत नाही.' हे तिने कौतुकाने म्हटलं नाही, हे तुला कळावं म्हणून लिहितोय.

माझा स्विंग आता बघण्यासारखा झाला आहे. कोचबाई चेंडूच्या पलीकडे रिकामा खोका ठेवते. काठी बाहेरून तिरकी आली की खोका उडतो. सुरुवातीला मी तिचे सगळे खोके फाडले. आता खोका जागचा हलत नाही. कमरेपासून वळायचं, हात मागाहून येऊ द्यायचे, घाई करायची नाही. माझ्यासारख्याने घाई न करणं म्हणजे काय, ते तू जाणतोस. खांदे मात्र अजून आपोआप डावीकडे जातात. मागे उभं राहून सांगणारं कुणीतरी लागतं.

सामन्याच्या दिवशी सकाळी सातला. उशीर करू नकोस.

अप्पा

१९ मे

मुला,

काल तू गाडीत बसून निघून गेलास आणि मी पार्किंगमध्ये टोपी हातात घेऊन उभा राहिलो. जे तिथे बोलता आलं नाही ते लिहितो. पण आधी सामन्याबद्दल, कारण तो मला जन्मभर सांगायचा आहे आणि सुरुवात तुझ्यापासून करतो.

सातच्या आधीच तू मला फाटकाशी उभा दिसलास. तू वाकून नमस्कार केलास, मी पाठीत धपाटा घातला. कन्येने मला सोडायला गाडी आणली होती. तुम्ही दोघांनी एकमेकांना नुसती मान हलवली. ती पुस्तक घेऊन गाडीतच बसली. ठीक होतं ते. त्यापेक्षा जास्त कुणी मागितलेलं नव्हतं.

पहिल्या टीवर मी उभा राहिलो, तू मागे. मी वाट पाहिली. तू गप्प. चेंडू डावीकडे झाडीत. तू झाडीत शिरलास, काट्यांत उभा राहून चेंडू बाहेर काढलास, शर्टाची बाही फाटली तरी चकार शब्द नाही. तिसऱ्या टीवर मी वळून विचारलं, 'कसा उभा आहे?' तू म्हणालास, 'ठीक आहे, अप्पा.' चेंडू वाळूच्या खड्ड्यात. तो वाळूतून काढायचं काम पुन्हा तुझंच. या खेळाची गंमतच ही आहे की माझी चूक तुला निस्तरावी लागते. आणि तू निस्तरतोस, तेही इतकं छान निस्तरतोस की माणसाला पुन्हा तीच चूक करावीशी वाटते.

पाचव्या टीवर मात्र माझं डोकं फिरलं. काठी जमिनीवर टाकली आणि म्हटलं, 'तू बोलल्याशिवाय मी मारणार नाही.' आपल्या मागच्या जोडीतल्या त्या दोघी बहिणी कमरेवर हात ठेवून उभ्या. 'काका, आज की उद्या?' असं थोरलीने विचारलंसुद्धा. तू त्यांच्याकडे बघितलंस, माझ्याकडे बघितलंस. तुझे कान लाल झाले. आणि मग तू ओरडलास!

'चुकतंय! खांदे चुकताहेत. झेंडा सोडून भलतीकडे बघताय. काठी आवळून धरलीय. पहिल्या दिवसापासून चुकतंय तुमचं! आणि सारखं मला ढकलू नका!'

शेवटचं वाक्य स्विंगबद्दल नव्हतं, एवढं मला कळलं. दोघी बहिणी दोन पावलं मागे सरकल्या. मी काठी उचलली, खांदे झेंड्याकडे केले, हात सैल सोडले. मला ते सगळं उलटं वाटत होतं, उजवीकडच्या तळ्यात मारायला निघाल्यासारखं. पण तू म्हणाला होतास म्हणून मारला. आणि तो चेंडू! तो गेला रे, सरळ, उंच, झेंड्याच्या दिशेने, कुठेही न वळता. थोरली बहीण टाळ्या वाजवत म्हणाली, 'काका, झकास!' मी तुझ्याकडे वळलो तर तू डोळे पुसत होतास. मी घाम आहे असं धरून चाललो.

त्यानंतर तू थांबलाच नाहीस. प्रत्येक टीवर माझी चूक. बहुतेक खऱ्या होत्या, एक-दोन तू जुना हिशोब म्हणून काढल्यास. शेवटून दुसरे आलो. इतका मजेत मी कधीच हरलो नव्हतो.

आणि मग पार्किंग. मी म्हटलं, 'पुढच्या वर्षी चषक आपला.' तू गाडीचं दार धरून उभा राहिलास आणि म्हणालास, 'अप्पा, मी पुढच्या वर्षी येणार नाही. मला गोल्फ आवडत नाही. कधीच आवडला नाही.'

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. 'मग आठ वर्षं प्रत्येक रविवारी कशाला यायचास?'

'तुम्ही बोलवायचात म्हणून.'

एवढं बोलून तू गेलास. परतताना मी कन्येला सांगितलं. ती म्हणाली, 'असं म्हणाला? तोंडाने? नाही म्हणाला?' मी म्हटलं, हो. आमच्या घराचं वळण मागे गेलं तरी गाडी तशीच पुढे नेत राहिली. मग म्हणाली, 'चांगलं झालं. माझ्यासाठी उशीर झाला, पण त्याच्यासाठी चांगलं झालं.'

आता माझं ऐक. मला लागलं. खोटं कशाला बोलू? आठ वर्षांचे रविवार मी माझ्या मनात जपून ठेवले होते, आणि कळलं की त्यातल्या दोघांपैकी एक तिथे मनाने नव्हताच. काल जेवण गेलं नाही. पण सकाळी उठलो तेव्हा पहिला विचार हा आला की आठ वर्षांत तू मला एकच गोष्ट स्वतःहून सांगितलीस आणि ती कालची होती. मग मी तुझ्या सासूबाईंना विचारलं, 'त्याला आवडतं तरी काय?' त्यांनाही सांगता आलं नाही. कन्येला फोन केला. तीही विचारात पडली.

तेव्हा तू सांग. गोल्फ नको तर नको. दुसरं काय ते लिही. 'तुम्ही म्हणाल ते' असं उत्तर आलं तर कार्ड फाडून परत धाडीन. आणि मी नको असेन तर तेही लिही. ते वाचायची तयारी नाही, पण वाचेन.

अप्पा

२ जून

मुला,

पत्र मिळालं. दोन पानं! तुझं अक्षर इतकं गिचमिड आहे हे मला पहिल्यांदाच कळलं.

पोहणं. मला वाटलं होतं बुद्धिबळ नाहीतर पत्ते, म्हणजे मी बसल्या बसल्या जिंकलो असतो. पोहणं! रोज पहाटे तलावावर जातोस आणि आमच्यापैकी कुणालाच माहीत नाही. कन्येला सांगितलं तर ती म्हणाली, 'तरीच केस कायम ओले असायचे.'

तू लिहिलंस की रविवारी सकाळी तिथे भेटू, पण अप्पा, तुम्हाला जमेल का ते तुम्हीच बघा. बघितलं. मला पोहता येत नाही. गुडघ्याच्या वर पाणी गेलं की मी घाबरतो, हे सांगायची पाळी याआधी माझ्यावर कधी आली नव्हती. तुझ्या सासूबाई म्हणतात, या वयात हे काय खूळ? चड्डी मात्र त्यांनीच आणून दिली आहे.

रविवारी सातला पोहोचतो. शिकवायचं तू आहेस. हात चुकला तर चुकला म्हण, पाय चुकला तर ओरड, लोक बघत असले तरी ओरड. काहीही कर, पण पाण्यात मला 'ठीक आहे, अप्पा' म्हणू नकोस. मी बुडेन.

अप्पा